न पाहता लिहिलेलं निरंक

निरंक म्हणजे काही नाही. आमच्या खात्यात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. नोकरीला लागल्याच्या पहिल्या महिन्यात तो आपोआप हाताला येतो आणि निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. नेवासा आणि शेवगाव या दोन तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत माझी बहुतेक नोकरी गेली. दर महिन्याला रोगांचा एक तक्ता वर पाठवायचा असे. लाळ्या-खुरकूत किती, घटसर्प किती, फऱ्या किती. आणि अगदी तळाशी, जिथं लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची दोघांचीही नजर पोचत नाही, तिथं एक ओळ असे: शेळ्या-मेंढ्यांतील स्क्रेपी, संशयित. त्यापुढं निरंक. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, कार्बन पेपर जाऊन संगणक आला, तरी त्या ओळीपुढचा शब्द बदलला नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला 'नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती भरपूर आहेत. हळदीच्या दिवशी नवरदेवाचं बाशिंग खाल्लेली शेळी आहे. पिसाळल्याचा संशय असलेल्या करडाचं मुंडकं स्कूटरच्या डिकीत घालून मी नगरला निघालो होतो, तेव्हा शेवगावच्या नाक्यावर हवालदारानं डिकी उघडायला लावली, तीही एक आहे. त्यानं आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, डिकी स्वतःच्या हातानं लावली आणि म्हणाला, "जा साहेब, तुमचं तुमाला लखलाभ." अशा गोष्टी मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात. पण लिहायला बसलो तेव्हा हात दुसऱ्याच गोष्टीकडं गेला, आणि ती गमतीची नाही. ती आठवली की अजून माझं डोकं तापतं. काही राग इतरांवर आहे, काही स्वतःवर.

आधी रोग समजून घ्या. स्क्रेपी हा शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा रोग. तो जंतूनं होत नाही, विषाणूनंही नाही. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत एक साधं प्रथिन असतं. ते वाकडं दुमडलं की त्याला प्रिऑन म्हणतात. एक वाकडं झालं की ते शेजारच्याला वाकडं करतं, असं करत मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. हे व्हायला वर्षं लागतात. जनावराला ताप येत नाही, खाणंपिणंही पुष्कळदा चालू असतं. फक्त ते भिंतीला, खांबाला अंग घासत राहतं, केस जातात, थरथरतं, मागच्या पायांत लटपटतं, वाळत जातं आणि मरतं. औषध नाही, लस नाही. उकळून हा प्रिऑन मरत नाही, आणि मातीत पडला तर वर्षानुवर्षं तिथंच राहतो. शेळी व्याली की जी वार पडते, तिच्यातून तो सगळ्यात जास्त पसरतो. माणसाला तो शेळीपासून झाल्याचं दिसलेलं नाही. पण गाईंमधला याचाच भाऊबंद विलायतेत माणसांपर्यंत पोचला, म्हणून जगभर या सगळ्या कुळावर पाळत ठेवतात.

आता पाळत कशी ठेवायची? रक्त तपासून हा रोग कळत नाही. जनावर मेलं की त्याचा मेंदू काढावा लागतो, आणि तोही नेमका. मेंदू संपून मणक्यात उतरतो तिथला अंगठ्याएवढा तुकडा. मानेच्या बाजूनं कवटीला जे भोक असतं त्यातून लांब दांड्याचा चमचा घालून तो काढतात. निम्मा फॉर्मलिनमध्ये, निम्मा बर्फात, आणि दोन्ही देशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत. म्हणजे 'निरंक' हा शब्द लिहायचा हक्क त्यालाच, ज्यानं डोकी उघडली. आमच्या भागात कुणी उघडत नव्हतं. मीसुद्धा नाही. चमचा दवाखान्याच्या कपाटात कोऱ्या कागदात गुंडाळलेला होता. वर्षानुवर्षं आम्ही न बघता लिहीत होतो की काही दिसलं नाही.

माझी तीन वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. नेवाशापासून थोड्या अंतरावर कालव्याच्या पाण्यावरची एक वाडी आहे. तिथं मार्थाबाई नावाची बाई शेळ्या पाळायची. वय साठीच्या आसपास, उंच, हाडापेरानं मजबूत. तिचे मालक शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. त्यांना सगळी वाडी गुरुजी म्हणायची, मीही म्हणायचो. दोन मुलं बाहेरगावी नोकरीला. घरी ही दोघं आणि तेवीस संगमनेरी शेळ्या. संगमनेरी म्हणजे आपल्या जिल्ह्याचं भूषण, दुधालाही चांगली आणि करडांनाही. मार्थाबाईच्या गोठ्यात मी कधी ओला कोपरा पाहिला नाही. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाण्याआधी ती गोठा झाडायची, कारण तिचं म्हणणं, "देवाचं आयकून आल्यावर घान बघायची म्हंजी काय."

एका सकाळी गुरुजींचा फोन आला. गेलो. गोठ्याच्या मागच्या बाजूला चार पाठी वेगळ्या बांधल्या होत्या. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. त्यातली एक भिंतीला पाठ लावून घासत होती, घासता घासता ओठ हलवत होती. दुसरीला मी चालवून पाहिलं. चार पावलं नीट गेली, मग मागचं धूड एका अंगाला कलंडलं, जसं कुणी ढकलावं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

मार्थाबाई म्हणाली, "दिवस न्हाई डाक्टर, म्हैने. आदी तांबडीचं सुरू झालं. म्या म्हनलं लचकली आसंल. मंग हिचं. मंग ह्या दोगींचं."

गुरुजींनी वही पुढं केली. पहिलं लटपटणं कोणत्या दिवशी, खाज कधी, वजन किती उतरलं, औषध दिल्यावर किती दिवस बरं वाटलं, सगळं सुवाच्य अक्षरात. एवढं नीट टिपण माझ्या दवाखान्यातही नव्हतं.

मी जे करायचं ते केलं. खाजेसाठी उवा-गोचिडांचं इंजेक्शन दिलं, खाज कमी झाली आणि पंधरवड्यानं परत आली. व्हिटॅमिन दिलं, प्रतिजैविक दिलं. लटपट वाढतच गेली. दीड महिन्यानं तांबडी मेली. आणि माझ्या मनात तो शब्द आला, जो मी दर महिन्याला लिहीत होतो. एक गोष्ट बसत नव्हती. पुस्तकात स्क्रेपी दोन वर्षांच्या पुढच्या जनावरांना होतो आणि या पाठी वर्षा-सव्वा वर्षाच्या होत्या. ते मला टोचत होतं. पण खाज, थरथर, लटपट, ताप नाही, औषधाला दाद नाही, आणि चारही एकाच कळपातल्या. तपासल्याशिवाय कोण सांगणार?

कपाटातला चमचा काढला. आमचे परिचर रहिमभाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होते. त्यांनी डोकं धरलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तो तुकडा काढला, तोही जरा चेमटला. फॉर्म भरला. संशयित रोग: स्क्रेपी. बर्फाचा डबा घेऊन स्वतः वरच्या कार्यालयात गेलो.

आमचे तेव्हाचे साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"हा शब्द लिहिलात कसा?"

"संशय आहे साहेब. रकाना संशयिताचाच आहे."

"संशय आपल्याला असतो हो. कागदाला नसतो. हा कागद इथून निघाला की मुंबई, मुंबईहून दिल्ली. उद्या पेपरात येईल, शेळ्यांचे बाजार बंद पाडतील, निर्यातवाले ओरडतील. आपल्या जिल्ह्यात हा रोग नाही."

"कशावरून नाही?"

"कशावरून म्हणजे? आजवरचे सगळे अहवाल निरंक आहेत. तुमचेही आहेत."

त्या अहवालांवर माझीच सही होती. माझ्याच आळशीपणाचा पुरावा त्यांनी माझ्यासमोर ठेवला, आणि तो पक्का होता.

"डबा ठेवून जा," ते म्हणाले, "पत्र लावून पाठवतो."

मी ठेवून आलो. पुढं काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. पाठवणीच्या पत्रावर सही कुणी करायची हे ठरेना. ज्याच्याकडं पत्र जाई तो 'चर्चा करावी' असं लिहून परत पाठवी. डबा फ्रीजमध्ये. फ्रीज लसींचा, त्यात जागा हवी म्हणून डबा बाहेर, मग परत आत. मधे वीज गेली. सात आठवड्यांनी तो निघाला. उत्तर आलं: नमुना तपासणीयोग्य नाही. त्या उत्तराखाली साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'पुढील नमुना वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय घेऊ नये.' आणि त्या महिन्याच्या तक्त्यात, माझ्या दवाखान्याच्या ओळीत, मी 'संशयित एक' लिहिलेलं खोडून कुणीतरी निरंक केलं होतं.

इकडे वाडीत काय चाललं होतं? मी मार्थाबाईला सगळं समजावून सांगितलं होतं, वर लिहिलंय तसंच. शेळ्या विकू नका, दुसऱ्याच्या कळपात सोडू नका, बाहेरचा बोकड आणू नका, कुणी व्याली तर वार खोल पुरा. ती ऐकून घेत होती. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं गोठ्याला काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. सरकारच्या एका तोंडी सूचनेवर त्या बाईनं जे पाळलं, ते सरकारनं स्वतः पाळलं नाही. घोडेगावच्या बाजाराला तिची शेळी गेली नाही. रोज येणारा खाटीक दारातून परत गेला. मी तिला म्हटलंही होतं की हा रोग माणसाला होत नाही असंच आजवर दिसलंय.

तिनं विचारलं, "लिवून देता का?"

मी खिशातलं पेन काढलं नाही.

"न्हाई ना. मंग ज्याच्या ताटात जाईल त्याला म्या काय लिवून देऊ?"

वाडीत बातमी पसरली ती भलत्याच रूपात. मार्थाबाईच्या शेळ्यांना मेंदूचा रोग आहे, तिच्या गोठ्यावरून गेलं तरी जनावराला लागतो. कालव्याच्या कडेला चारायला बंदी झाली. दूध कुणी घेईना. शेजारची कौसाबाई तीस वर्षांची मैत्रीण, दोघी एकत्र चारायला जायच्या. ती आपल्या शेळ्या लांबच्या वाटेनं न्यायला लागली. देवळातसुद्धा बाकावर मार्थाबाईशेजारी जागा रिकामी राहायला लागली, असं गुरुजींनी मला एकदा खालच्या आवाजात सांगितलं. पहिल्या नमुन्याचं उत्तर आलं त्याच दिवसांत मागं बांधलेल्यांतली आणखी एक मेली. तिचा नमुना घ्यायची मला परवानगी नव्हती. मी लेखी मागितली. लेखी उत्तर आलं नाही.

त्यात अकरा शेळ्या गाभण होत्या. दिवस भरत आले होते.

'तपासणीयोग्य नाही' हे पत्र घेऊन मी वाडीत गेलो. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. मार्थाबाईनं विचारलं, "म्हंजी हाय का न्हाई?"

"कळलं नाही," मी म्हटलं.

"कवा कळंल?"

"पुन्हा नमुना पाठवावा लागेल. परवानगी आली की..."

"डाक्टर," ती म्हणाली, "तुमीच सांगितलं का व्येताना जी वार पडती तिच्यात लई ईख आसतं. मातीत बसतं, जात न्हाई. अकरा हायेत. त्या व्याल्या, आन् तुमची परवानगी मागनं आली, तर ह्या मातीचं काय? कौसाची शेरडं हितंच बांधाला चरत्यात. ती बोलत न्हाई माज्याशी, पर शेरडांनी काय केलंय?"

मी म्हटलं, "थोडं थांबू या."

"किती?"

तिनं एकदा गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"व्यायच्या आदी निजवा त्यांना," ती म्हणाली. "समद्यांना. माजा अंगठा घ्या, सही घ्या, काय पायजे ते घ्या."

मी तिला परावृत्त केलं का? केलं. पण जेवढं करायला हवं होतं तेवढं केलं नाही, हे आज कबूल करतो. माझ्या मनात संशय पक्का झाला होता, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी काहीतरी ठाम करतंय याचं मला बरं वाटलं होतं. मालकाच्या लेखी संमतीनं दुखणाईत जनावराला मरण देता येतं. धडधाकट जनावराचा प्रश्न वेगळा. तो धोका मी माझ्यावर घेतला. घ्यायचाच होता तर दोन महिने आधी, पहिल्या डब्याच्या वेळी घ्यायला हवा होता. तेव्हा मला पेन्शन दिसत होती.

सोमवारी सकाळी आम्ही गेलो, मी आणि रहिमभाई. गुरुजींनी आपल्याच शेताच्या कोपऱ्यात जेसीबीनं खड्डा काढून ठेवला होता, चुन्याची पोती कडेला. एकवीस शेळ्या. मी इंजेक्शन भरत होतो, रहिमभाई पाय धरत होते. मार्थाबाई एकेकीला गळ्यात हात घालून आणायची, खाली बसायची, तिचं डोकं मांडीवर घ्यायची आणि तिच्याशी बोलायची. काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. गाभण शेळी गेल्यावर पोटातलं करडू थोडा वेळ हलत राहतं. तिनं तिथं हात ठेवला, हलायचं थांबेपर्यंत उचलला नाही. अकरा वेळा. रहिमभाई मधेच उठून विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

कुंपणाबाहेर माणसं जमली होती. कुणी आत आलं नाही.

शेवटी मागच्या दोन आजारी पाठी उरल्या. त्यातल्या एकीचं डोकं मी बाजूला घेतलं. परवानगी नव्हती. मी चमच्यानं तो तुकडा या वेळी अगदी नीट काढला. रहिमभाई म्हणाले, "साहेब, एवढं करतायच तर मणका आणि काळीजपण घ्या. एकदाच काय ते होऊन जाऊ द्या." म्हणून मणक्यातल्या मज्जेचा तुकडा, काळजाचा म्हणजे यकृताचा तुकडा, रक्त, सगळं घेतलं. चार दिवसांची रजा टाकली आणि थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन नगरहून रेल्वेत बसलो. समोरच्या माणसानं विचारलं, "मासे का?" मी हो म्हटलं. दर मोठ्या स्टेशनवर उतरून बर्फ शोधत होतो.

प्रयोगशाळेच्या दाराशी मला अडवलं. तीन सह्या नाहीत, पाठवणीचं पत्र नाही. मी म्हटलं, मी सरकारी डॉक्टर आहे, माझं ओळखपत्र घ्या, नाहीतर मला आत टाका, पण डबा घ्या. शेवटी एक शास्त्रज्ञ बाई खाली आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी डबा उघडून पाहिला.

"नमुना उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या भागातून आम्हाला असे नमुने येतच नाहीत."

"आणि तरी दर महिन्याला अहवाल येतो," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तो मात्र वेळेवर येतो." आणि त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर डबा दाखल करून घेतला. देशात अशीही माणसं आहेत, म्हणून गाडं चालतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. माझ्याकडं आणि वरच्या कार्यालयाकडं एकाच दिवशी.

प्रिऑन आढळला नाही. मेंदूत स्क्रेपीच्या खुणा नाहीत. मणक्यातल्या मज्जातंतूंचं आवरण झिजलेलं आहे. काळजात तांब्याचं प्रमाण अत्यंत कमी. निदान: तांब्याच्या कमतरतेनं होणारा लटपट्या. चारा आणि पाणी तपासावं.

तांबं. कालव्याच्या पाण्यानं त्या वाडीची खालची जमीन चोपण झाली होती, वर पांढरी खार फुटायची. मार्थाबाईच्या शेळ्या दोन-तीन वर्षं तिथलाच चारा खात होत्या आणि तिथल्याच बोअरचं मचूळ पाणी पीत होत्या. अशा पाण्याचाऱ्यातले क्षार तांब्याला अंगी लागू देत नाहीत. कोवळ्या वयाच्या जनावराच्या मज्जातंतूंना त्याचा पहिला फटका. वय बसत नव्हतं ते म्हणूनच. अशक्त जनावरावर उवा माजतात, खाज त्यांची होती. ज्या चार पाठी लटपटल्या त्या वाचल्या नसत्या, पार झिजलेलं आवरण परत येत नाही. पण बाकीच्या एकोणीस? त्यांना मापात मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, पुरलं असतं. तेच मोरचूद, जे डाळिंबावर फवारायला प्रत्येक घरात पिशवीभर पडलेलं असतं.

पहिला डबा वेळेवर गेला असता तर स्क्रेपी नाही एवढं तरी तेव्हाच कळलं असतं.

तासाभरात साहेबांचा फोन आला. मी शिक्षेच्या तयारीनं उचलला. त्यांचा आवाज मोकळा होता, कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता इतका.

"पाहिलंत ना? मी काय म्हणत होतो? निरंकच निघालं."

"साहेब, एकोणीस चांगल्या शेळ्या मारल्या आम्ही. अकरा गाभण."

"ते तुम्ही मारल्यात. मी सांगितलं नव्हतं."

"नाही. तुम्ही काहीच सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, "विनापरवाना नमुन्याबद्दल खुलासा मागवणार होतो. पण अहवाल चांगला आलाय, तर जाऊ द्या." आणि फोन ठेवला.

चांगला अहवाल. नोकरीत मला शिव्या ऐकाव्या लागल्या आहेत, एकदा म्हशीच्या मालकानं दावं घेऊन पाठलाग केला आहे. पण त्या दोन शब्दांइतकं मला काही लागलं नाही. डोकं उघडून, काच लावून, पाहून लिहिलेलं 'नाही' आणि कपाटाकडं पाठ करून लिहिलेलं 'नाही', या दोन्हींना त्यांच्या लेखी एकच किंमत होती. आमच्या सगळ्यांच्याच लेखी होती. रोग नसणं आणि रोग न बघणं यातला फरक ज्या खात्याला कळत नाही, त्याच्या तक्त्यावर विश्वास ठेवून उद्या खरा रोग आला तर तो आरामात गोठे फिरून जाईल. हे मी बैठकीतही बोललो. इतिवृत्तात ते आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो. वाटेत मनात ठरवत होतो की कसं सांगायचं. पोचल्यावर कागद सरळ गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी आधी मनात वाचला, मग मार्थाबाईला साध्या शब्दांत सांगितला. ती उंबऱ्यावर बसली होती. पलीकडं मोकळा गोठा होता, झाडलेला.

तिनं गोठ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी माजी शेरडं चांगली हुती."

"हो."

"वार निर्मळ हुती. माती निर्मळ हाय."

"हो, मावशी."

मी म्हटलं, चूक माझी आहे. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "हे पानी, हा चारा कौसाचीबी शेरडं खात्यात. खालच्या आळीची समदी खात्यात. त्यांना सांगितलं का?"

मी अजून सांगितलं नव्हतं.

ती उठली, पायात वहाणा घातल्या. "चला."

तीन महिने ज्या दारांनी तिला पाठ दाखवली होती त्यातल्या पहिल्याच दारात ती जाऊन उभी राहिली. कौसाबाई अंगणात भांडी घासत होती. तिला बघून हातातलं पातेलं तसंच राहिलं.

मार्थाबाई म्हणाली, "कौसे, माज्या शेरडांना रोग नव्हता. कागद आलाय. खान्यात खोट हुती, तीच तुज्या खान्यात हाय. डाक्टरला बघू दे."

कौसाबाई उठली, ओले हात लुगड्याला पुसले, आत वळली आणि दारातूनच म्हणाली, "बस मार्था. च्या टाकते."

"च्या मागनं," मार्थाबाई म्हणाली. ती तोवर गोठ्यात शिरली होती आणि एका बारक्या पाठीला दाव्यानं चालवत माझ्याकडं आणत होती. "आदी हिचं मागचं पाय बघा डाक्टर. ही जरा ढिली चालती का, का मलाच तसं वाटतंय?"

मी वाकून पाहिलं. तिला वाटत होतं ते खरं होतं, आणि अजून वेळ गेली नव्हती.